पंचवीस सेकंदांचा हिशेब

संगणकावरील नेमबाजीचे खेळ म्हणजे केवळ कोवळ्या बोटांची चपळाई, आणि ती ज्यास उपजत नाहीं त्यानें त्या वाटेस जाऊं नये, असा समज घरोघरीं आढळतो. आम्हांस तो मान्य नाहीं. १९९९ च्या डिसेंबरांत निघालेला ‘क्वेक थ्री अरीना’ हा या जातींतील अत्यंत वेगवान खेळ. आमच्या घरीं तीन संगणक एकमेकांस जोडून तो अद्याप खेळला जातो, आणि नवख्याची त्यांत उडणारी त्रेधा आम्ही पुष्कळ वेळां पाहिली आहे.

नवखा धांवतो तो प्रतिस्पर्ध्याच्या शोधांत. जाणता धांवतो तो वस्तूंसाठीं. या खेळांतील तांबडें कवच कोणीं उचलल्यापासून बरोबर २५ सेकंदांनीं पुनः त्याच जागीं प्रकट होतें. प्राणशक्तींत एकदम १०० ची भर घालणारा मोठा साठा ३५ सेकंदांनीं. कवच आघाताचा सुमारें दोन-तृतीयांश भाग स्वतःवर घेतें. ज्याच्यापाशीं कवच नाहीं व प्राणशक्ति अवघी १०० आहे, तो एका थेट अग्निबाणानें पडतो. हीं दोन्ही नुकतींच ज्यास लाभलीं त्यास पाडावयास तसे तीन बाण लागतात. मग बोटांच्या चपळाईची काय कथा!

आमची पुतणी थोरल्या चुलतभावांपुढें रोज हरे आणि रडकुंडीस येऊन उठून जाई. “दादाचे हातच जलद आहेत, काका,” हें तिचें ठरलेलें उत्तर. भावांचेंही मत तेंच. आणि मुलींविषयींचीं अशीं मतें सुशिक्षित घरांतही किती लौकर सिद्धांत होऊन बसतात, हें वाचकांस सांगावयास नको. आम्हीं तिला नेमाची चिंता सोडावयास सांगितलें. पडद्यावरील घड्याळ पाहून कवच उचलल्याची वेळ तेवढी मोठ्यानें म्हणावी: “चार मिनिटें दहा, आतां पस्तिसाला.” आठवडाभर ती हरतच होती. पुढें मात्र ती कवचापाशीं भावाच्या आधीं पोंचूं लागली.

नेमाचें म्हणाल तर अग्निबाण उडतांना दिसतो व चुकवितां येतो. म्हणून तो छातीवर न सोडतां पायांशीं, जमिनीवर सोडावा. स्फोटाची झळ लागतेच. ‘रेलगन’ची गोळी तात्काळ लागते, परंतु दोन गोळ्यांत दीड सेकंद जातो, तेवढ्यांत आडोसा गांठावा. माउसचा वेग एकदां ठरवून महिनाभर तरी बदलूं नये. रोज बदलणाऱ्याचा हात कधींच बसत नाहीं. एकट्यानें सराव करावयास यंत्रचालित प्रतिस्पर्धी पांच पायऱ्यांचे आहेत. त्यांतील ज्या पायरीवर आपण निम्म्या वेळां हरतों तीच आमच्या मतें शिकण्याची. सोप्या पायरीवरील विजय निव्वळ करमणूक.

पुतणी अजून सरसकट जिंकत नाहीं. थोरला मात्र हल्लीं खेळतांना आंकडे पुटपुटतो, आणि तिनें आपल्या वेळा तरी मनांत मोजाव्या, अशी त्याची आमच्याकडे तक्रार आहे.