आधी भागाकार, मग गुणाकार

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या ‘सी’ भाषेवर लिहावे, याचे काही मित्रांना नवल वाटेल. पण तीही एक भाषाच आहे. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ती घडवली. तिचा स्वभाव मोठा विलक्षण. सांगाल तेवढेच ती करते. आणि तुम्ही चुकलात, तर बहुधा टोकत नाही.

बाहेरून येणारी माहिती किती असेल, हे प्रोग्रॅमला आधी ठाऊक नसते. म्हणून तो स्मृतीत थोडी जागा मागतो. ती अपुरी पडली की मोठी मागतो. कणगी लहान पडली की आपण दुसरी मोठी आणतो, तसेच. एकूण नोंदी गुणिले एका नोंदीची जागा, हा त्याचा हिशेब. धोका नेमका या गुणाकारात असतो.

कारण संगणकातल्या पूर्णांकाला ठरावीकच घरे असतात. आमच्या केदारखेड्यातले जुने वीजमीटर आठवा. पाच आकडी मीटर ९९९९९ नंतर मुकाट्याने ००००० वर येई. बत्तीस बिटांच्या, चिन्ह नसलेल्या पूर्णांकाची सीमा ४,२९,४९,६७,२९५ ही. त्यापुढे पुन्हा शून्य. आता समजा, चार-चार बाइटांच्या १,०७,३७,४१,८२५ नोंदी ठेवायच्या आहेत. खरे उत्तर ४,२९,४९,६७,३००. यंत्राचे उत्तर मात्र फक्त ४! तेवढीच जागा मिळते आणि प्रोग्रॅम शंभर कोटींवर नोंदी तिच्यात ओतू लागतो. धान्य सांडते ते शेजाऱ्याच्या घरात. शेजारी कुणाचा गुप्त शब्द असेल, नाहीतर प्रोग्रॅमच्या स्वतःच्याच सूचना! एखादा लबाड माणूस मुद्दाम असा आकडा धाडू शकतो. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या प्रणालीत जून २००२ मध्ये असाच दोष उघड झाला. किती उत्तरे येणार, हा पाहुण्याने सांगितलेला आकडा तिथे न तपासता गुणला जात होता. ३.४ या आवृत्तीत तो दोष दूर झाला.

गुणाकार झाल्यावर तपासून उपयोग नाही. ४ हा आकडा दिसायला अगदी प्रामाणिक असतो. चिन्हासहित पूर्णांकाची गोष्ट तर याहून बिकट. तिथे सीमा ओलांडल्यावर काय होईल, याची हमी भाषाच देत नाही. म्हणून आधी भागावे. सीमेला चाराने भागले की १,०७,३७,४१,८२३ येतात. आपली मागणी त्याहून दोनने जास्त. तेव्हा तिथेच नकार द्यावा. जागा दुप्पट करायची असेल, तर आहे ती सीमेच्या निम्म्याहून अधिक नाही ना, हे आधी पाहावे. २०१४ साली ओपनबीएसडीने ‘रीअ‍ॅलोकअ‍ॅरे’ हे फलन दिले. ते ही तपासणी स्वतःच करते.

माझ्या आजीला हे कुणी शिकवले नव्हते. अवचित पाहुणे आले की ती प्रथम पिठाच्या डब्यात डोकावे. एवढ्यात किती भाकरी होतील, त्या किती जणांना पुरतील, हे मनाशी ठरवी; आणि मगच जेवायला थांबण्याचा आग्रह करी. आग्रह आधी आणि डबा नंतर, असे तिच्या हातून कधी झाले नाही.

चौसष्ट बिटांच्या यंत्रांनी सीमा फार लांब नेली, हे खरे. बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करीत जाण्याच्या गोष्टीतली एकूण संख्या आणि ती सीमा अगदी एकच! परंतु परक्याने हवा तो आकडा सांगायचा म्हटले, तर तीही अपुरीच. सीमा कितीही दूर असो, जागा पुरत नसेल तर ओतण्यापूर्वीच तसे सांगणारा प्रोग्रॅम मला अधिक सभ्य वाटतो.