समुद्रांतील नाडीपरीक्षा

पोवळें म्हटलें कीं सोनाराकडील तांबडा मणी आपणांस आठवतो. परंतु ज्या प्रवाळांनीं उष्ण समुद्रांत प्रचंड भिंती रचिल्या, तीं त्याहून निराळ्या जातीचीं होत. त्यांच्या प्रकृतीची परीक्षा शास्त्रज्ञ कशी करितात हें वाचतां वाचतां आम्हांस त्या विषयाची गोडी लागली. तीच आमच्या विद्यार्थिमित्रांसही लागावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

प्रवाळाच्या चिमुकल्या जीवाच्या अंगांत सूक्ष्म शैवालें बिऱ्हाडास असतात. सूर्यप्रकाशाच्या साह्यानें तीं अन्न तयार करितात व त्याचा मोठा वांटा घरधन्यास देतात. घरधनी त्यांस आसरा देतो. परंतु पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून एक-दोन अंशांनीं अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर ही जोडी फुटते. बिऱ्हाडकरू बाहेर पडतात, आणि प्रवाळ पांढरें पडतें. तें तत्काळ मरत नाहीं. तें उपाशी असतें. पाणी वेळींच निवलें तर शैवालें परत येतात. न निवल्यास मृत्यु ठरलेला.

सन १९२८ मध्यें चार्ल्स मॉरिस यंग ह्यांच्या नेतृत्वाखालीं शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या लो आइल्स बेटांवर जाऊन वर्षभर राहिली. तापलेल्या पाण्यांत प्रवाळें शैवालांस मुकतात, हें ह्या मंडळींनीं नोंदून ठेविलें. तेथीलच सुमारें २,३०० किलोमीटर लांबीच्या ग्रेट बॅरिअर रीफवर सन २०१६ मध्यें शास्त्रज्ञांनीं विमानांतून ९११ भित्ती पाहिल्या. त्यांपैकीं शेंकडा ९३ वर पांढरेपणा आढळला.

टाउन्सव्हिलजवळील सागरविज्ञान संस्थेचे लोक सुमारें चाळीस वर्षें ही नाडी पाहत आहेत. नावेमागें फळी धरून पाणबुड्या संथपणें ओढला जातो. दर दोन मिनिटांनीं नाव थांबते, आणि जिवंत प्रवाळ किती व मृत किती, हें तो लिहून घेतो. काम कंटाळवाणें खरें; परंतु आम्हांस त्याविषयीं मोठा आदर वाटतो. ह्या नोंदींमुळेंच २०२२ सालीं कळलें कीं, उत्तर व मध्य भागांत ३६ वर्षांतील सर्वाधिक प्रवाळ पुनः वाढलें आहे. त्यांत शीघ्र वाढणाऱ्या फांदीदार जाती फार होत्या. त्याच उष्णतेस व वादळास आधीं बळी पडतात. सन २०२४ च्या उष्णतेनंतर उत्तर व दक्षिण भागांत, नोंदी सुरू झाल्यापासूनची एका वर्षांतील सर्वांत मोठी घट झाली.

म्हणजे प्रवाळांस बरें होण्याची शक्ति आहे. त्यांस हवी आहे ती उसंत. १९९८ व २००२ नंतर चौदा वर्षें मोठें संकट आलें नाहीं. पुढें मात्र २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ अशीं तीं लागोपाठ आलीं. कोळसा व तेल जाळून मनुष्य पृथ्वी तापवीत आहे, तोंवर ही उसंत कोठून मिळणार?

आपल्या मालवणासही, सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या पाण्यांत, प्रवाळें आहेत. सन १९८७ पासून तेथें सागरी अभयारण्य आहे. तिकडे जाणाऱ्या मुलांनीं त्यांवर पाय देऊं नये, तुकडा मोडून आणूं नये. आणि एखादें प्रवाळ पांढरें शुभ्र दिसलें तर त्याच्या शोभेचें कौतुक करण्यापूर्वीं तें उपाशी तर नाहीं ना, असें मनाशीं विचारावें, एवढीच आमची विनंती.