चार पाय आणि एक गुटका

विरार म्हणजे फक्त फास्ट लोकल, जीवदानी आणि अर्नाळा? हायवेच्या कडेला जरा थांबून बघा. स्टार लोकांच्या चाकांवरच्या घरांचे पाय इथे दुरुस्त होतात!

विरार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? अर्थात, संध्याकाळची फास्ट लोकल आणि दारात लटकलेली गर्दी. विरार लोकलमध्ये चढून बोरिवलीला उतरायची स्वप्नं बघू नयेत, हे शहाणपण आपल्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षातच मिळतं. २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत धावायला लागली आणि विरारचा ‘लास्ट स्टॉप’चा मान गेला. दरारा मात्र गेला नाही!

वीकेण्डवाले इथे पश्चिमेला उतरतात, अर्नाळ्याची बस पकडतात आणि सुरूच्या बनात डबे उघडतात. वाटेत आगाशीची सुकेळी मिळाली तर सोनेपे सुहागा. भाविक पूर्वेला उतरून जीवदानीच्या पायऱ्यांकडे वळतात. मी पूर्वेला उतरले खरी, पण रिक्षावाल्याला म्हटलं, “विरार फाटा.” त्याने मला आरशातून एकदा नीट बघून घेतलं. बरोबर आहे म्हणा. हातात पूजेची थाळी नाही, पाठीवर ट्रेकची सॅक नाही, आणि ही बाई हायवेला कशाला निघालीय?

हायवेचं दुसरं विरार

चंदनसारचा रस्ता पार करून आपण फाट्याला लागतो, तेव्हा शहर एकदम कपडे बदलतं. मॉल आणि मोबाइलची दुकानं मागे राहतात आणि समोर येतो अहमदाबाद हायवे. कागदोपत्री तो आता ‘अठ्ठेचाळीस’ आहे, पण इथली जुनी माणसं अजून ‘आठ नंबर’च म्हणतात. ट्रेलर, टिपर, हायड्रा क्रेन, जेसीबी... आणि त्यांची दुखणी काढणारे गाळे. कुणी पंक्चरवाला, कुणी पाटेवाला, कुणी रेडिएटरवाला. मला हवा होता हायड्रॉलिकवाला.

पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, भिंतीवर रबरी सीलच्या माळा आणि जमिनीवर तेलाचा असा काही थर, की चपला जपून टाकाव्यात. शेडच्या बाहेर एक पांढरीशुभ्र गाडी उभी. काचा काळ्या, डोक्यावर दोन एसी. व्हॅनिटी व्हॅन! हे असं इथे कसं, असं वाटलं ना? त्यात नवल काही नाही. नायगावला मालिकांचे सेट आहेत. तिथे कामाला लागलेल्या गाड्यांना हायवेचं गॅरेज जवळ पडतं.

हिंदी सिनेमात व्हॅनिटी व्हॅन आणण्याचं श्रेय पूनम ढिल्लनला दिलं जातं. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. त्याआधी हिरॉइननी आउटडोअरला कपडे कुठे बदलायचे, हा प्रश्नच होता. परदेशात लोक ज्या गाडीतून सुट्टीला जातात, तीच कल्पना आपल्याकडे आधी कामावर आली!

लेव्हलचं काय एवढं?

“मॅडम, गाडी तिरकी असली ना, तर सगळ्यात आधी बेसिन बोलतं,” गॅरेजचे उस्ताद म्हणाले. वय साठीच्या आसपास, कानावर पेन्सिल. बेसिनचं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचतं. एसीचं पाणी बाहेर पडायच्या ऐवजी सोफ्यावर टपकतं. कपाटाची दारं आपोआप उघडतात. आणि मेकअपच्या खुर्चीत दोन तास तिरकं बसून बघा!

म्हणून अशा काही गाड्यांच्या खाली चार पाय असतात, हायड्रॉलिक लेव्हलिंग जॅक. बटण दाबलं की १२ व्होल्टचा पंप टाकीतलं तेल दाबाने सिलिंडरमध्ये ढकलतो, रॉड खाली येतो, गाडी सरळ होते. आपल्याकडे सगळ्यांना हा थाट परवडत नाही. बरेच ड्रायव्हर साधे हातजॅक आणि लाकडाचे गुटके लावूनच भागवतात.

यामागचं तत्त्व शाळेत शिकलोय आपण, पास्कलचा नियम. बंद तेलाला एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५मध्ये त्यावर हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. हिशेब सोपा आहे. सिलिंडर ६ सेंटिमीटर व्यासाचा धरा, म्हणजे आतलं क्षेत्रफळ झालं साधारण २८ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २०० किलोचा दाब दिला, की मनगटाएवढ्या जाडीचा तो पाय साडेपाच टनांहून जास्त उचलतो. सही ना?

खारी हवा, चिखल आणि गळती

या चकचकीत पायांचा विरारमधला शत्रू कोण? समुद्र! रॉडवर क्रोमचा मुलामा असतो. किनाऱ्यावर शूटिंग झालं की खारा ओलावा त्यावर बसतो, बारीक बारीक खड्डे पडतात. मग रॉड वर-खाली होताना ते खड्डे कानशीसारखे रबरी सील खरवडतात. सील गेलं की तेल गळणार. नुसतं नवं सील घालून उपयोग नाही, रॉड तसाच खरबरीत राहिला तर नवं सीलही फार दिवस टिकत नाही. “लोक मला सील बदला म्हणतात. मी आधी रॉडवर नख फिरवतो. नख अडलं की समजायचं, काम मोठं आहे.” मग रॉड पॉलिश करायचा, आणि खड्डे खोल असतील तर नव्याने हार्ड क्रोम करायला पाठवायचा.

दुसरी तक्रार, पाय खाली येतो पण वर जात नाही. अनेक जॅकमध्ये रॉड वर खेचायला स्प्रिंग असतात. त्या गंजतात, ताणून ढिल्या पडतात किंवा चिखलाने जाम होतात. कधी तेल परत सोडणारा व्हॉल्व्ह उघडत नाही. तिसरी तक्रार, पाय अडखळत, धक्के देत चालतो. म्हणजे तेलात हवा शिरलीय. तेल भरून पाय चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर केले की बहुतेक वेळा हवा निघते. चौथी, पंप नुसताच कण्हतो. तिथे हायड्रॉलिकला शिव्या देण्याआधी बॅटरी आणि अर्थिंगची वायर बघायची. आणि टाकीतलं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यांवरून आलेल्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं!

“पाच मिनिटांचं तर काम आहे”

खरा प्रसंग पुढेच होता. व्हॅनिटीचा ड्रायव्हर घायकुतीला आलेला. संध्याकाळपर्यंत गाडी नायगावला लावायची, नाहीतर त्या दिवसाचे पैसे कापले जाणार. मागच्या उजव्या पायाची होज पाइप गळत होती. गाडी जॅकवर उचललेली होतीच. तो म्हणाला, “उस्ताद, पोराला खाली घाला ना, एक नट तर आवळायचाय. पाच मिनिटांचं तर काम आहे.”

पोरगा, असेल विशीचा, पाना घेऊन वाकलासुद्धा. उस्तादांनी त्याला शर्टाला धरून मागे ओढलं. आवाज चढला नाही, पण शेडमधला लेथ बंद झाला.

“आधी गुटके लाव.”

“उस्ताद, वेळ...”

“तेलावर उभ्या असलेल्या गाडीखाली आपण जात नाही. तेल कधी सुटेल, ते तेलालाही माहीत नसतं.”

चौकटीखाली चारही बाजूंनी जाड सागवानी गुटके आडवे-उभे रचले गेले, पुढच्या चाकांना उटी लागली, गाडीचं वजन लाकडावर उतरवलं गेलं. यात गेली वीस मिनिटं. ड्रायव्हर फोनवर कुणाचं तरी ऐकून घेत होता. नट आवळायला लागली खरोखरच पाच मिनिटं.

मी गळतीची जागा बघायला हात पुढे केला, तर मलाही दम मिळाला. “ताई, हात नाही. पुठ्ठा धरायचा.” दाबाखालचं तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून उडालं तर कातडीत घुसतं. वरून नुसता एक ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, पण आत हात सडायला लागतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल गाठायचं असतं, आणि डॉक्टरांना ‘हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं असतं.

या गल्लीत इन्शुरन्स, हेल्मेट, सेफ्टी ऑफिसर असे शब्द कुणी काढत नाही. इथली सेफ्टी म्हणजे लाकडाचा एक गुटका, आणि दुसऱ्याच्या घाईला ‘नाही’ म्हणणारा एक म्हातारा. आपल्या एसी ऑफिसमध्येही रोज कुणीतरी ‘पाच मिनिटांचं काम’ घेऊन येतंच की. पण तिथे चुकलं तर फाइल उडते. इथे माणूस दबतो.

आता तुमची पाळी

हे सगळं तुम्ही का वाचायचं? कारण २०२१मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन निघायची हौस आपल्याकडेही वाढतेय. किनाऱ्यालगत मुक्काम ठोकायचा तर जमिनीचा स्वभाव ओळखा. वसई-विरारकडची खाजणाची जमीन वरून कडक दिसते, आतून लोणी. ८ टनांची गाडी चार पायांवर उभी केली तर एकेका पायावर येतात २ टन. पायाची थाळी २० बाय २० सेंटिमीटरची असेल तर दाब चौरस सेंटिमीटरला ५ किलो. तिच्याखाली ६० बाय ६०ची जाड फळी टाका, दाब एकदम नऊपट कमी! वाळूवर मात्र गाडी नेऊच नका. भरतीला फळी ऐकू येत नाही.

निघण्याआधी बघून घ्या

• तेलाची पातळी चारही पाय पूर्ण वर घेऊन तपासा. पाय खाली असताना टाकी भरली, तर ते वर घेताना तेल उतू जाणार.

• गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल घाला. काहींना एटीएफ लागतं, काहींना हायड्रॉलिक ऑइल. ब्रेक ऑइल कधीच नाही, सील फुगून खराब होतात.

• किनाऱ्यावरून आलात की रॉड गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्याला वाळू चिकटते.

• मागची चाकं हवेत उचलू नका. बहुतेक गाड्यांचा हॅण्डब्रेक मागच्याच चाकांवर असतो. ती जमिनीवरून सुटली की गाडी घरंगळायला मोकळी!

• टायर बदलायला हे जॅक वापरू नका. ते गाडी सरळ करायला आहेत.

• निघताना चारही पाय वर गेलेत का, हे खाली वाकून डोळ्यांनी बघा. नुसत्या दिव्यावर विश्वास नको.

कसं जाल? विरार स्टेशनला पूर्वेला उतरा, फाट्यासाठी रिक्षा मिळते. सकाळी जा, दुपारी पत्र्याची शेड तापते. कटिंग चहा हायवेच्या कडेला मिळेलच. आणि कुणी गाडीखाली काम करत असेल, तर गुटके लागलेत का, तेवढं बघा. नसतील तर बोला. ओळख नसली तरी चालेल.