पेढी आणि तांडा : जालन्यात पोहोचलेल्या दोन वाटा

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात कित्येक पिढ्यांपासून ऐकू येते. कुंडलिका नदीने जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग केलेले हे गाव पूर्वी कापूस, धान्य आणि सराफीसाठी प्रसिद्ध होते. आज ते लोखंडी सळ्या, संकरित बियाणे आणि मोसंबीसाठी ओळखले जाते. 1 मे 1981 रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु व्यापारी जगात या गावाचे नाव त्याच्या फार आधीपासून होते.

या जिल्ह्यात येणाऱ्या प्रवाशाने दोन ठिकाणे अवश्य पाहावीत. एक म्हणजे जालन्याचा मोंढा. सकाळी धान्याच्या गाड्या लागतात, हमालांच्या पाठीवर पोती चढतात, आडत दुकानांतून भाव पुकारले जातात. पाट्यांवरील बरीच आडनावे मारवाडकडची असतात. दुसरे ठिकाण जालन्याहून वाटूरमार्गे साठेक किलोमीटरवर असलेल्या मंठा तालुक्यातील एखादा तांडा. गावापासून थोडा अलग, माळावर वसलेला. घरांवर राठोड, चव्हाण, पवार, आडे अशी नावे. दसरा-दिवाळीनंतर येथे गेल्यास अनेक दारांना कुलपे दिसतात आणि ओट्यांवर म्हातारी माणसे व लहान मुले तेवढी राहिलेली असतात. धडधाकट जोडपी ऊसतोडीला गेलेली असतात.

मोंढ्यातील मारवाडी व्यापारी आणि तांड्यावरील बंजारा ही दोन्ही माणसे स्थलांतरितांची वंशज आहेत. दोघांच्याही परंपरेत मूळ देश म्हणून राजस्थानचे नाव घेतले जाते. दोघांच्याही पूर्वजांचा उद्योग व्यापार हाच होता. असे असताना एकाच्या वाट्याला पेढी आणि दुसऱ्याच्या वाट्याला कोयता का आला, याचा विचार व्यापारी समाजाने तरी निश्चित करावा असा आहे.

एकच उगम

घरात ऐकू येणारी भाषा हा या नात्याचा पहिला पुरावा होय. बंजाऱ्यांची गोरमाटी बोली आणि व्यापारी घरांतील मारवाडी या एकाच कुळातील भाषा आहेत. दोन्हीकडे बाजरीच्या जाड भाकरीची सवय आहे. जुन्या पिढीतील स्त्रियांचा घागरा, काचोळी आणि ओढणी यांत मूळचे साम्य सहज ओळखता येते. तीज हा सण तर दोघांचाही. श्रावणात तांड्यावरील कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालून गाणी म्हणतात आणि शेवटी त्या अंकुरांचे विसर्जन करतात. त्याच सुमारास शहरातील मारवाडी घरांतही तीजेची तयारी चालू असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठवाड्यातील सर्व जैन मारवाडहून आलेले नाहीत. सैतवाळ आणि कासार जैन हे याच मातीतील, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे आहेत. पेढीची जी कथा येथे सांगावयाची आहे ती ओसवाल, अग्रवाल, माहेश्वरी अशा राजस्थानातून दक्षिणेत उतरलेल्या घराण्यांची आहे.

बैलांचे राज्य

या दोघांत दख्खनच्या रस्त्यांवर अधिक दबदबा कोणाचा होता, असे विचारल्यास उत्तर बंजाऱ्यांचा असेच येईल. ‘लमाण’ हा शब्द लवण, म्हणजे मीठ, यावरून आला असे मानले जाते. समुद्रकाठचे मीठ आत न्यावयाचे आणि आतले धान्य बाहेर आणावयाचे, हा त्यांचा शतकानुशतकांचा व्यवसाय. 1632 साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने उत्तर हिंदुस्थानात धान्य वाहणारा 14,000 बैलांचा एक तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. मोगल फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा त्यांच्या रसदीसाठी भंगी आणि जंगी या नाईकांचे 1,80,000 आणि भगवानदास वडत्या यांचे 52,000 बैल आले, असे बंजाऱ्यांची परंपरा सांगते. या आकड्यांत परंपरेचा अभिमान मिसळला असेल, तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. तांड्यावाचून फौज हलत नव्हती.

जालना जिल्ह्यातच याचे स्मरण देणारे स्थळ आहे. भोकरदन तालुक्यातील असई येथे 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. पुढे वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणारा सेनापती तो हाच. त्या मोहिमेतील त्याच्या पत्रव्यवहारात धान्य पुरविणाऱ्या बंजाऱ्यांचा उल्लेख वारंवार येतो. तोफा कोणाच्याही असोत, दाणागोटा बंजाऱ्यांच्या बैलांवर होता.

तांड्याची व्यवस्थाही विस्कळीत नव्हती. नायक हा प्रमुख, कारभारी त्याचा साहाय्यक, आणि तंट्यांचा निवाडा करण्यास स्वतःची पंचायत. नायकाच्या शब्दावर हजारो पोत्यांचा व्यवहार होत असे. म्हणजे धाडस, संघटन, हिशेब आणि शब्दाची किंमत हे व्यापाऱ्याचे सर्व गुण तांड्यात होते.

पेढीचे सामर्थ्य

मारवाडी व्यापारी मात्र दक्षिणेत आला तो एकटादुकटा, हाती लोटा आणि दोरी घेऊन. निजामाच्या राज्यात हैदराबादेच्या सराफी पेढ्यांशी नाते, जालन्यास असलेल्या लष्करी छावणीची गरज आणि खेड्यांतील धान्य-कापसाची खरेदी यांच्या आधाराने त्याने पाय रोवले. त्याच्याजवळ बैल नव्हते. परंतु त्याच्याजवळ पत होती.

ही पत आकाशातून पडली नव्हती. नवा मुलगा देसावरी आला की प्रथम एखाद्या नातलगाच्या किंवा गाववाल्याच्या पेढीवर राहत असे. मोठ्या शहरांत अशा तरुणांच्या जेवणाखाण्यासाठी ‘बासा’ चालत. तो काही वर्षे गुमास्ता म्हणून राबे, वही लिहावयास शिके, हुंडी ओळखावयास शिके. त्याचा भरवसा वाटला की मालक त्यास उधारीवर माल देऊन वेगळे दुकान थाटून देई. धंदा बुडाल्यास पुन्हा एकदा संधी मिळे. अग्रोहा नगरीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकास घरटी एक रुपया आणि एक वीट दिली जाई, अशी अग्रवालांची आख्यायिका आहे. आख्यायिकेतील नगरी दूर राहिली, पण उधारी, शिकवण आणि आसरा ही त्या रुपया-विटेची प्रत्यक्षातील रूपे होती. आपल्याकडे साधर्मिक वात्सल्य म्हणतात ते व्यवहारात असे उतरले होते.

या पेढीचा इतिहास निष्कलंक नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. सावकारी व्याजाखाली शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळण्यात आले. पत हे सामर्थ्य आहे, आणि ज्याच्याजवळ ती नाही त्याच्यावर चालणारे शस्त्रही आहे.

रेल्वे आली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही वाटा कायमच्या फुटल्या. आधी पक्के रस्ते आणि बैलगाड्या आल्या. 1900 च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी या मार्गाने हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे सुरू झाली. शेकडो बैलांनी कित्येक आठवड्यांत न्यावयाचा माल मालगाडी दोन दिवसांत नेऊ लागली. मिठावर सरकारी नियंत्रण बसले. जंगले राखीव झाली आणि तांड्याच्या बैलांची फुकट चराई आटली. फौजांची रसद तर आधीच संपली होती.

मोंढ्याला याच रेल्वेने बरकत आणली. जालन्याचा कापूस थेट मुंबईस जाऊ लागला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, हुंडीचा व्यवहार वाढला. मालाची वाहतूक कोणीही करो, खरेदी, साठवण आणि उधारी यांसाठी पेढी लागतच होती.

म्हणजे बंजाऱ्यांचे भांडवल बैलांत होते आणि मारवाड्यांचे भांडवल नात्यांत व वह्यांत होते. नव्या काळाने पहिले निकामी केले आणि दुसऱ्याची किंमत वाढविली. त्यात एकाची हुशारी आणि दुसऱ्याची आळशी वृत्ती असा काही प्रकार नव्हता. उलट, सतत फिरणाऱ्या समाजाकडे सरकार संशयाने पाहू लागले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कचाट्यात ठिकठिकाणचे बंजारा गटही सापडले. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, 1952 साली रद्द झाला. ज्याच्या नावावर असा शिक्का बसला त्यास उधार कोण देणार? पत गमावण्याची ती पराकाष्ठा होती.

आजचा ताळेबंद

बँकेत एखाद्या घराची आर्थिक स्थिती पाहताना चार गोष्टी विचारल्या जातात : मालमत्ता काय, उत्पन्न नियमित आहे काय, कर्ज कोणत्या दराने मिळते, आणि वाईट वर्ष आल्यास आधार कोणता. या चार कसोट्या जालन्याच्या दोन्ही समाजांस लावून पाहता येतात.

मालमत्तेचा विचार करता, व्यापारी घरांकडे दुकान, गोदाम, भूखंड अशी तारण ठेवता येणारी स्थावर मिळकत आहे. तांडे वसले ते बहुधा गायरान किंवा हलक्या माळजमिनीच्या कडेला. कित्येक तांड्यांस दीर्घकाळ स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा नव्हता. घर असून त्याचा कागद नसेल तर बँकेच्या लेखी ते घर नसतेच.

उत्पन्नाचा विचार करता, मोंढ्याने एका मालावर विसंबणे कधीच सोडले आहे. कापसानंतर तेल, मग भंगार वितळवून सळ्या करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तांड्यावर मात्र कोरडवाहू शेतीचे चार महिने आणि ऊसतोडीचे सहा महिने अशी वर्षाची विभागणी असते.

कर्जाची कसोटी सर्वांत बोलकी आहे. कारखानदारास बँकेचे खेळते भांडवल ठरावीक व्याजाने मिळते. ऊसतोड जोडप्यास मुकादमाकडून ‘उचल’ मिळते. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. हंगामात तेवढी तोड झाली नाही तर राहिलेली रक्कम पुढील वर्षाच्या डोक्यावर बसते. या व्यवहारास व्याजाचा आकडा नसतो. ते व्याज कष्टांतून वसूल होते.

वाईट वर्षाचे उदाहरण 2012-13 च्या दुष्काळाचे. त्या वर्षी जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या आणि जालना शहरासही पाण्यासाठी तिष्ठावे लागले. व्यापाऱ्यास तोटा झाला. परंतु मुलाचे शिक्षण थांबले नाही. तांड्यावर दुष्काळाचा पहिला बळी मुलांची शाळा हाच असतो, कारण आई-वडिलांबरोबर मूलही उसाच्या फडात जाते.

हे चित्र सरसकट नाही. खेड्यातील लहानशा किराणा दुकानावर जेमतेम चरितार्थ चालविणारी मारवाडी घरेही आहेत. दुसरीकडे बंजारा समाजाने वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री महाराष्ट्रास दिले. वसंतराव 1963 पासून 1975 पर्यंत त्या पदावर होते; 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी लाखो हातांना काम मिळाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. आश्रमशाळा आणि विमुक्त जातींसाठीचे आरक्षण यांमुळे तांड्यांतून शिक्षक, डॉक्टर, अधिकारी निघाले. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, ही विसंगती मराठवाड्यात आज तीव्र मागणीचा विषय बनली आहे. ज्या घरात एक पगार आला, ते घर एका पिढीत उचलीतून सुटले. याचा अर्थ तांड्यात क्षमतेची उणीव नव्हती. पहिला आधार उशिरा मिळाला.

पत कशी निर्माण होते

शासनाने 1984 साली विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी वसंतराव नाईक यांच्या नावे विकास महामंडळ काढले. तांडा-वस्ती सुधार योजना आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजनाही आहे. या योजना आवश्यकच आहेत. परंतु मारवाडी तरुणास देसावरी जे मिळाले ते केवळ कर्ज नव्हते. कोणीतरी त्यास पेढीवर बसविले, वही लिहावयास शिकविले आणि ‘हा मुलगा बुडवणार नाही’ असा शब्द बाजारात दिला. सरकारी अर्जात या शब्दासाठी रकाना नसतो.

हा शब्द जालन्याची बाजारपेठ देऊ शकते. तांड्यावरील वाणिज्य शाखेच्या पदवीधरास आडत दुकानात किंवा कारखान्याच्या हिशेब विभागात दोन वर्षे बसविणे; त्यास जीएसटी, बँकेची कागदपत्रे आणि मालाची पारख शिकविणे; तो स्वतःचे बियाणे-खतांचे दुकान मंठा, परतूर किंवा घनसावंगीस काढील तेव्हा पहिला माल उधारीवर देणे आणि त्याच्यासाठी बँकेत जामीन राहणे. समाजाच्या वसतिगृहांत ऊसतोड हंगामापुरत्या काही जागा तांड्यावरील मुलांसाठी राखणे हेही कठीण नाही. यात दानाचा भाव नसावा. उधारी वसूल व्हावी, हिशेब चोख राहावा आणि शिकणाऱ्यास आपण कोणाचे उपकृत आहोत असे वाटू नये, हीच पेढीची जुनी रीत होती.

आज समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो आणि मालवाहू ट्रक मुंबईच्या बंदराकडे काही तासांत पोहोचतात. वाहतुकीचे साधन पुन्हा एकदा बदलले आहे. मागील वेळी असा बदल झाला तेव्हा रस्ते ज्यांनी तुडवून तयार केले होते, त्यांनाच रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागले. या वेळी मोंढ्यातील एकेका दुकानाने तांड्यावरील एकेक तरुण हाताशी घेतला, तर दहा वर्षांत मंठा-परतूरच्या बाजारांतील नव्या पाट्यांवर राठोड आणि चव्हाण ही नावेही दिसू लागतील, आणि दिवाळीनंतर तांड्यावरील कुलपांची संख्या कमी होत जाईल.