बारा फोटोंची सहल

जुन्या औरंगाबादेतल्या कुठल्याही घरचा अल्बम उघडा, काळ्या जाड पानांवर कोपऱ्यांत अडकवलेला चांदमिनार त्यात हमखास सापडतो. पुढे मांडी घालून बसलेली मुलं, मागे बायका, त्यांच्या मागे पुरुष, सगळ्यांच्या डोक्यांवरून वर गेलेला मिनार आणि बाजूला देवगिरीचा, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याचा, तासलेला डोंगर. फोटो चौकोनी, पांढऱ्या काठाचा, तळहातात सहज मावणारा. साठ-सत्तरच्या दशकांत हे फोटो काढणारे कुणी कारकून होते, कुणी शिक्षक, कुणी एसटीतले कंडक्टर. आज तरुण मंडळी पैसे साठवून, चौकशा करून मीडियम फॉरमॅटच्या मोठ्या फिल्मवर सुरुवात करतात. ही माणसं त्याच फिल्मवर फोटो काढत होती, कारण घरात आलेला पहिला आणि बहुधा एकुलता एक कॅमेरा त्याच फिल्मवर चालायचा.

आमच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला, काळा, वजनाला हलका. शटरचा वेग एकच. ऊन आणि ढग अशा खुणा होत्या, आभाळाकडे बघून त्यांतली एक निवडायची. त्याचा भाऊबंद आग्फा आयसोली त्याच रोलवर चार सेंटिमीटरचे सोळा फोटो देई, म्हणून काटकसरी घरांत त्याला जास्त मान. क्लिकचे बाराच, पण सहा बाय सहा सेंटिमीटरचे. दोन्हींत जाणारा १२० नंबरचा रोल कोडॅकने १९०१ साली ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला होता आणि तो आजही त्याच मापात मिळतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला दिल्लीत रोलायफ्लेक्स घेऊन नेहरूंचे फोटो टिपत, तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यातही हाच रोल असे. आमचे अण्णा जिल्हा परिषदेत नोकरीला होते. त्यांच्या आणि होमाईबाईंच्या निगेटिव्हचं माप एकच होतं, हे कळल्यापासून अण्णांच्या फोटोंकडे मी निराळ्या आदराने बघतो.

रोल सावलीत भरायचा. भरलेलं रीळ एका बाजूला, रिकामं दुसऱ्या बाजूला, कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या फटीत सरकवायचं, झाकण लावायचं आणि किल्ली फिरवत पाठीवरच्या लाल खिडकीकडे बघत राहायचं. आधी नुसता कागद सरके, मग खुणा, मग १ हा आकडा हळूहळू मधोमध येई. बारावा फोटो झाला की उरलेला कागद पूर्ण गुंडाळून टोकाची डिंकाची पट्टी ओली करायची. ते काम मुलांचं. पट्टीला जीभ लावण्यावरून आम्हा भावंडांत भांडणं होत.

दौलताबादच्या सहलीचे बारा फोटो घरून निघायच्या आधीच वाटलेले असत. मिनारापाशी सगळे. हत्ती हौदाच्या पायऱ्यांवर बायका. भारतमाता मंदिराच्या खांबांत आजी, कारण ती पुढे चढणार नव्हती. मेंढा तोफेपाशी मुलं. बारादरीवर पोचणाऱ्यांचा एक. दोन वेरूळसाठी राखून ठेवायचे आणि शेवटचा परतीला, सीताफळाच्या पाट्यांपाशी. अण्णा खिशातल्या कागदावर टिपण ठेवत, कुठला आकडा कुठे खर्च झाला ते. किल्ल्याच्या दाराशी गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोग्राफरही असत. पत्ता लिहून घेत आणि टपालाने कॉपी पाठवत. घरचा कॅमेरा नसलेल्यांना त्यांचा आधार होता.

त्या काळच्या फोटोंत बहुतेक सगळ्यांचे डोळे बारीक झालेले दिसतात. अशा साध्या कॅमेऱ्याला भरपूर उजेड लागे, त्यामुळे ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर, म्हणजे समोरच्यांच्या थेट तोंडावर. यावरचा उपाय मला औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओवाल्या काकांनी सांगितला. रोल धुवायला त्यांच्याकडे टाकायचा. मी मोठा झाल्यावर त्यांनी मला डार्करूमच्या दारापर्यंत, मग आतही येऊ दिलं. रोलची दोन टोकं दोन हातांत धरून ते फिल्म ट्रेमधल्या डेव्हलपरमधून खाली-वर फिरवत, अंधारात, मनातल्या मनात मोजत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी चांगलंच तापलेलं असतं आणि डेव्हलपरला वीस अंशांच्या आसपासचा गारवा लागतो, म्हणून रसायनं माठातल्या पाण्यात कालवलेली. फिल्म पक्की करणाऱ्या हायपोत तुरटी, कारण गरम पाण्यात फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडतं आणि तुरटीने ते घट्ट होतं.

मग ओली निगेटिव्ह दिव्यासमोर धरून काका बोलत. "ऊन तोंडावर घेतलंस, आईचे डोळे बघ. उद्या कमानीच्या सावलीत उभं कर, तुझ्या मागं उजेडाचं अंगण राहू दे." किंवा, "मिनार पाठीमागं पडायला लागलाय. कॅमेरा वर उचलू नको, तू मागं सर." असं एखादंच वाक्य, पण माझ्याच निगेटिव्हवर बोट ठेवून म्हटलेलं. रोल घ्यायचा तर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' घे, हेही तेच सांगत. शिकणाऱ्या पोराच्या खिशाची त्यांना काळजी होती. कॉपी म्हणजे निगेटिव्ह ब्रोमाइड पेपरवर ठेवून, वर काच दाबून काढलेली, निगेटिव्हएवढीच. मोठी कॉपी महाग, ती वर्षातून एखाद्या फोटोचीच होई.

ऐंशीच्या दशकात हॉट शॉट कॅमेरे आले, पाठोपाठ पस्तीस एमएमचे रंगीत रोल. बाराच्या जागी छत्तीस फोटो. क्लिक माळ्यावर गेला. चौकाचौकांत कलर लॅब झाल्या आणि काकांच्या डार्करूममध्ये लग्नाच्या अल्बमांचे गठ्ठे रचले गेले. इंदूही पुढे बंद पडला. या वर्षांबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही. फोटो पुष्कळ निघाले, ते रंगीत होते, आणि त्यांतले निम्मे आज तांबूस झाले आहेत.

गेल्या काही वर्षांत माझ्या भाचीने १२० ची फिल्म हातात घेतली. तिचा कॅमेरा याशिका मॅट १२४ जी, मुंबईच्या बोरा बाजारातून आणलेला. जपानमध्ये १९७० ते १९८६ या काळात बनलेला हा दोन भिंगांचा कॅमेरा सुरुवातीला चांगला आहे, असं माझं मत आहे. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो. ऐंशी एमएमचं भिंग, एका सेकंदापासून पाचशेव्या भागापर्यंत शटर. घेताना दोन गोष्टी मात्र बघाव्यात: भिंगात बुरशी आहे का, आणि एक सेकंदाचं शटर खरोखर सेकंदभर उघडं राहतं का. मुंबईच्या दमट हवेतल्या कॅमेऱ्यांत बुरशी फार. आमचा क्लिक इतकी वर्षं माळ्यावर राहून स्वच्छ आहे, त्याचं श्रेय मराठवाड्याच्या कोरड्या हवेला. याशिकातल्या प्रकाशमापकाला पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. भाची उजेड फोनवर मोजते. रोलची किंमत हजाराच्या आसपास, म्हणजे फोटो काढण्याआधीच प्रत्येक चौकोनाला ऐंशीएक रुपये पडले. तरी कंपन्या पुन्हा या मापाकडे वळल्या आहेत. कोडॅकने २०२२ मध्ये गोल्ड २०० ही रंगीत फिल्म १२० मध्ये आणली.

दौलताबादला आता तिकीट फोनवर निघतं. दिल्ली दरवाजाच्या कमानीत वेरूळकडे जाणाऱ्या गाड्या अडकतात, आमच्या वेळी तिथे एसटीचा ड्रायव्हर नुसता हॉर्न देऊन निघून जायचा. आत मात्र चांदमिनार जिथे होता तिथेच आहे, १४४५ च्या सुमारास बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाने उभारलेला, आणि अजूनही नवशिक्याची परीक्षा घेतो. कॅमेरा वर उचलला की मिनार मागे कलतो. तो सरळ हवा तर कॅमेरा पातळीत धरायचा, आणि ऐंशी एमएमच्या भिंगाने तसा पूर्ण मिनार चौकटीत बसवायचा तर त्याच्या उंचीच्या जवळजवळ तिप्पट मागे जावं लागतं. चौकटीचा खालचा अर्धा भाग मग नुसत्या जमिनीचा, म्हणून तिथे काय ठेवायचं हा पुढचा प्रश्न. काकांचं "तू मागं सर" हे वाक्य मी भाचीला सांगितलं आणि ती भारतमाता मंदिराच्या बाजूला मागे मागे जात राहिली. याशिकाच्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. मिनार डावीकडे सरकवायचा तर उलट वळावं लागतं. हाताला ते वळण बसायला वेळ लागतो. त्यात काळा बेसाल्ट आणि लख्ख आभाळ. दगडावर उजेड मोजला तर आभाळ जातं, आभाळावर मोजला तर दगडाचा कोळसा. पिवळा फिल्टर लावला की निळं आभाळ थोडं गडद होतं आणि दोघांची मारामारी कमी होते.

हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीही हा किल्ला टिपला आहे. निजामाच्या राज्यातल्या दृश्यांचा त्यांचा १८९२ चा जो संग्रह आहे, त्यात दौलताबाद आहे. काचेच्या प्लेटा, लाकडी कॅमेरा आणि ते सगळं वाहणारी माणसं. त्या लवाजम्यापुढे आमचा क्लिक आणि तिचा याशिका दोन्ही खिशातलेच म्हणायचे.

अंधेरीचा फोटो आमच्या अल्बमात नाही, माझ्या ओळखीच्या कुणाच्याच नाही. खंदक ओलांडल्यावर शत्रूला चकवण्यासाठी डोंगरात कोरलेला तो अंधारा चढ. क्लिकच्या एकाच वेगाला तिथे काही दिसणं शक्य नव्हतं. वटवाघळांचा वास, आईचा हात आणि पुढच्या माणसाच्या टॉर्चचा हलता ठिपका एवढीच त्याची आठवण. भाचीने कॅमेरा दगडाच्या कडेवर टेकवला, ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते म्हणून, आणि वरच्या झरोक्यातून उतरणाऱ्या उजेडावर शटर बराच वेळ उघडं ठेवलं. फिल्मची एक रीत आहे, उजेड फार मंद झाला की ती हिशेबापेक्षा सुस्त होते, म्हणून मोजलेल्या वेळेहून कितीतरी जास्त द्यावा लागतो. तिच्या त्या फोटोत टाक्यांच्या खुणा दिसतात. इतक्यांदा तिथून गेलो, पण त्या मी पहिल्यांदा तिच्या फोटोत बघितल्या.

रोल ती घरीच धुते. बंद टाकी, काळी पिशवी, डी-७६ डेव्हलपर, आणि उन्हाळ्यात बादलीत बर्फ. शिकली व्हिडिओ बघून. त्यांत सगळं असतं, तापमान, मिनिटं, किती वेळा हलवायचं. फक्त तिच्या निगेटिव्हवर बोट ठेवून बोलणारं कुणी त्यांत नाही. क्लिक गेला याचं मला वाईट वाटत नाही, तो असाही कपाटात आहे. काकांसारखी माणसं गेली, गल्लीच्या तोंडाशी बसलेला शिकवणारा गेला, हे नुकसान मला खरं वाटतं, आणि ते भरून निघालेलं नाही. हल्ली आम्ही दोघं तिची ओली निगेटिव्ह खिडकीशी धरतो आणि काका काय म्हणाले असते याचा अंदाज करतो.

पण एक गोष्ट आजच्या काळाने दिली, ती तेव्हा कुणाच्याच हातात नव्हती. भाचीने स्वतःचे रोल स्कॅन करायला उजेडाची पाटी आणि डिजिटल कॅमेरा मांडला, आणि त्यावर अण्णांच्या निगेटिव्ह ठेवल्या. सहा सेंटिमीटरच्या चौकोनात पस्तीस एमएमच्या साडेतीन पटींहून जास्त फिल्म असते. ती सगळी त्या इवल्याशा कॉपीत दबून राहिली होती. क्लिकचं भिंग साधं, कडा मऊ पडतात, पण मधला भाग पडद्यावर मोठा केला तसा उघडत गेला. आत्याच्या खांद्यावरच्या हिमरू शालीची बुट्टी दिसली. आजीच्या हातातल्या पिशवीवर कापड दुकानाचं नाव होतं, ते वाचता आलं. मिनाराच्या पायथ्याशी आम्हाला नुसता डाग वाटायचा तो एक माणूस निघाला. गळ्यात कॅमेरा, हातात वही, समोरच्या जोडप्याचा पत्ता लिहून घेणारा. किल्ल्याच्या दारातले ते फोटोग्राफर दुसऱ्यांचे शेकडो फोटो काढत, स्वतःचा एकही नसेल. यातला एक अण्णांच्या बारांत नकळत येऊन राहिला.

अण्णांनी यातलं काही बघितलं नाही. मोठी कॉपी महाग होती.

आता ओळखीची माणसं आपापल्या निगेटिव्ह आणून देतात. कुणी बिस्किटांच्या डब्यात, कुणी पासबुकाच्या पाकिटात. सध्या गुलमंडीतल्या एका घरचा डबा आमच्याकडे आहे. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मचा पाया खराब होऊ लागला की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, मग ती आक्रसते, कुरळी होते, आणि शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही तीच बाधा होते. या डब्यातल्या तीन पट्ट्यांना तो वास लागला आहे. त्या वेगळ्या काढल्या आहेत आणि येत्या रविवारी आधी त्याच स्कॅन करायच्या आहेत. वरच्या पट्टीवर चांदमिनार आहे, एवढं खिडकीच्या उजेडात दिसलं.