फाटकाशी दोन मिनिटं

आज पाचोऱ्याजवळच्या रेल्वे फाटकाशी अडकलो. पुढे हार्वेस्टर. फाटक उघडलं तरी चालक हलेना. खाली उतरून त्यानं आधी वरच्या तारेकडे पाहिलं. त्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. पलीकडे पुरेशी जागा मोकळी झाल्यावरच तो निघाला आणि मध्ये गिअर न बदलता रूळ ओलांडून गेला. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट.

मला आमची पीजे आठवली. पाचोरा-जामनेरची ती अरुंद रुळांची गाडी सावकाश यायची, सगळ्यांना सांभाळून घ्यायची. इथल्या भुसावळ-मनमाड मार्गावरची गाडी तसं सांभाळून घेत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ सांगतं: बिनराखणीच्या फाटकाशी थांबा, सोबत्याला पुढे चालत पाठवा. राखणदार असला तरी अवजड वाहनवाल्यांनो, त्या हार्वेस्टरवाल्यानं केलं तेवढं कराच. आणि मागच्यांनो, हॉर्न आवरा.