देशमुख सापडले!

"मिळालं का रे देशमुखांचं पुस्तक?" दादा रोज सकाळच्या चहाला विचारायचा.

पुस्तक म्हणजे चिंतामणराव देशमुखांचं इंग्रजी आत्मचरित्र, 'द कोर्स ऑफ माय लाइफ', १९७४ सालचं. चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रीय अर्थमंत्री. पण आम्हां रोहा-अष्टमीकरांना ते कुंडलिकेकाठचे, आपले! दादाची प्रत पुराच्या पाण्यात गेली. आता त्याची नजर अधू होत चालली आहे. पुरती जायच्या आत एकदा पुन्हा वाचायचंय म्हणाला.

मग काय, बसलो मी जुन्या पुस्तकांच्या साइटवर. 'देशमुख' टाकलं तर लोकहितवादींपासून पुढचे झाडून सगळे देशमुख हजर! 'चिंतामण' टाकलं तर दुर्गाबाईंचं 'चिंतामण अँड आय' समोर. मग हौसेने फिल्टर लावले: भाषा इंग्रजी, साल १९७४, पुठ्ठ्याची बांधणी, किंमत हजाराच्या आत. निकाल शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य. आठवडाभर शून्यच.

एका रात्री शाळेचं जनरल रजिस्टर आठवलं. जुना विद्यार्थी दाखल्यासाठी यायचा आणि त्याचं नाव काही सापडायचं नाही. शेवटी कळायचं, कारकुनाने आडनाव वेगळंच लिहिलंय किंवा जन्मतारखेचा रकाना कोराच सोडलाय. पोरगा रजिस्टरात असायचा, आपणच चुकीचं विचारत असायचो. इथेही तेच! विक्रेत्याने साल लिहिलं नसेल, तर सालाचा फिल्टर ते पुस्तक गुपचूप बाजूला सारतो.

मग मी एकेक फिल्टर काढत गेलो. आधी साल, मग बांधणी. किंमत मात्र ठेवली, पेन्शनरला ती ठेवावीच लागते! लेखकाचं नाव निरनिराळ्या इंग्रजी स्पेलिंगांनी टाकून पाहिलं. कधी नुसतं पुस्तकाचं नाव, तेही अर्धंच. 'स्वस्त आधी' ऐवजी 'नवीन नोंद आधी' लावलं, म्हणजे कालचीच यादी पुन्हा चाळावी लागत नाही. आणि रोज चहाआधी एक फेरी, हजेरी घेतल्यासारखी.

दीड महिन्याने सापडलं. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, साल कोरं, बांधणीही कोरी. माझ्या पहिल्या दिवसाच्या फिल्टरांतून ते जन्मात आलं नसतं.

पुस्तक आलं त्या दिवशी दादाने ते आधी हुंगलं. भिंग घेऊन दोन पानं वाचली आणि डोळे मिटून म्हणाला, "आता तूच वाच."

मी मराठी माध्यमातला बी.ए.! अडखळत वाचतो. दादा डोळे मिटूनच माझे उच्चार सुधारतो. रोज चार पानं होतात.

असो. अजून बरीच पानं बाकी आहेत, आणि मला मुळीच घाई नाही.